पाकट पायाखाली येऊ नये म्हणून

साहेबांची आणि माझी ओळख आधी कानांनी झाली.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या कारखान्यात माझा पहिला दिवस होता. आम्ही अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवतो. एचआरच्या बाईंनी मला शॉप फ्लोअरवर उभं केलं, "क्यूसी साहेब येतील, ते सगळं दाखवतील," असं म्हणाल्या आणि गेल्या. मशीनच्या खडखडाटातून एक निराळाच आवाज येऊ लागला. सर्र... सर्र... सर्र. कुणी तरी सिमेंटवरून पोतं ओढत आणतंय असा. आणि चौकटींच्या ढिगाआडून एक गृहस्थ प्रकट झाले. कडक इस्त्रीचा, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा, हातात निळा खडू. आणि पाय? पाय जमिनीवरून उचलायचेच नाहीत अशी शपथ घेतल्यासारखे घासत घासत.

मी मनात म्हटलं, गुडघे गेलेले दिसतात बिचाऱ्यांचे.

"माझे गुडघे उत्तम आहेत," ते जवळ येऊन म्हणाले. मी काहीच विचारलं नव्हतं, पण बहुतेक सगळेच नवे लोक आधी त्यांच्या पायांकडे बघत असणार. "पाकट माहीत आहे? मासा. चपटा, भाकरीसारखा. उथळ पाण्यात वाळू अंगावर ओढून झोपतो. उचलून पाय टाकलास तर थेट त्याच्या पाठीवर, आणि शेपटीचा काटा तुझ्या पोटरीत. घासत गेलं की त्याला आधीच चाहूल लागते, तो आपला बाजूला होतो."

"पण साहेब, इथे फॅक्टरीत पाकट?"

"इथे नाही," ते अत्यंत समजूतदारपणे म्हणाले. "पण इथे पाय उचलायची सवय लागली तर तिकडे चुकेन ना."

तर असे आमचे क्वालिटी कंट्रोलचे साहेब. अलिबागकडचे. आयुष्य गेलं आखातात. आता निवृत्त होऊन गावी गेलेत, तरी आमच्या शॉप फ्लोअरवर कुणी पोतं ओढलं की जुने लोक हातातलं काम ठीकठाक करून उभे राहतात.

अल कुसैसला आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो, त्यामुळे रोजचा प्रवास माझ्या गाडीतून एकत्र. सकाळी गाडीत बसले की ते गुड मॉर्निंग म्हणत नसत. काच खाली करायची, बोट ओलं करायचं, बाहेर धरायचं आणि निकाल सांगायचा. "शमाल सुटलाय. आज एमडींकडे रजेचं बोलू नकोस." शमाल म्हणजे इथला वायव्येचा वारा. तो सुटला की समुद्र गढूळ होतो आणि बाल्कनीतल्या कपड्यांत वाळू भरते. एमडींचा मूडही त्याच वाऱ्याने बिघडतो असं साहेबांचं म्हणणं होतं. मी एकदा न ऐकता शमालच्या दिवशी रजा मागायला गेलो. पुन्हा तसं धाडस केलं नाही.

ऑफिसचे सगळे व्यवहार ते भरती-ओहोटीत सांगत. एखाद्या क्लायंटचा फोन आला की, "आत्ता ओहोटी आहे त्याला, घसा कोरडा करू नकोस. जेवल्यावर पाणी चढेल, तेव्हा बोल." पर्चेसचा मॅनेजर केरळचा, त्यालाही हे वेड लागलं होतं. तो कॉरिडॉरमधून ओरडायचा, "सर, हाय टाइड आया क्या?" आणि साहेब खडू वर करायचे: "पंधरा मिनट!"

त्यांचं वेड होतं फ्लाय फिशिंगचं. आता हे काय, ते आधी सांगतो, कारण मलाही ते समजायला एक हिवाळा लागला. गळाला कोळंबी नाही, आमिष नाही, काही नाही. गळाच्या आकड्याला पिसं, केस आणि चमकी दोऱ्याने अशी बांधायची की पाण्यात ते पिल्लू-मासळीसारखं दिसेल. हे सगळं मिळून एका शेंगदाण्याइतकं हलकं. ते फेकता येत नाही, म्हणून दोरीच जाड आणि वजनदार घ्यायची, आणि ती लांब काठीने डोक्यावरून मागे-पुढे, मागे-पुढे झुलवत, शेवटी सोडून द्यायची. दोरी हवेत लांबच लांब उलगडत जाते आणि ते पीस पाण्यावर अलगद टेकतं. मग दोरी हाताने थोडी थोडी खेचायची, म्हणजे पिसाचं पिल्लू घाबरून पळतंय असं माशाला वाटतं.

आता खेचलेली दोरी ठेवायची कुठे? पायाशी टाकली तर लाटांत गुंता. त्यासाठी कमरेला बांधायची खास पेटी मिळते म्हणे. साहेबांनी वहिनींची धुतलेल्या कपड्यांची प्लॅस्टिकची निळी टोपली कमरेला बांधली. ड्रेसिंग गाऊनच्या पट्ट्याने.

डोळ्यांपुढे आणा. शनिवारची सकाळ. उम्म अल क्वैनकडची उथळ खाडी, एका बाजूला खारफुटी, दुसऱ्या बाजूला पांढरी वाळू. कंबरभर पाण्यात इस्त्रीच्या शर्टातला एक मराठी माणूस, पोटावर कपड्यांची टोपली, डोक्यावरून दोरी झुलवतोय. मासेमारीचं लायसन्स खिशात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. एकदा एक तरुण पोलीस गाडी थांबवून बराच वेळ बघत उभा राहिला. लायसन्स बघून झालं, तरी जाईना. शेवटी टोपलीत डोकावून म्हणाला, "हबीबी, वेन समक?" मासा कुठाय?

साहेबांनी समुद्राकडे हात केला. "समक हिनाक." मासा तिकडे.

पोलीस इतका हसला की त्याने साहेबांना गाडीतली थर्मासमधली कॉफी पाजली.

हे सगळं नोव्हेंबर ते मार्च. त्यानंतर पाणी चहासारखं तापतं आणि मासे खोल निघून जातात. मग साहेब बिल्डिंगच्या बेसमेंट पार्किंगमध्ये सराव करत. खाली एक स्टीलची ताटली ठेवायची आणि लांबून दोरी तिच्यात पाडायची. आकडा काढून, अर्थात. तरी आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या ड्रायव्हरांना गाडीतून उतरण्याआधी मान वाकवून काचेतून वर बघायची सवय लागली.

आणि सामान! पिसं आणि चमकी मिळवण्यात साहेबांना कसलाही विधिनिषेध नव्हता. रिसेप्शनवरच्या पिसांच्या झाडणीला हळूहळू टक्कल पडत गेलं. मंडळाच्या गणपतीच्या मखरातली जरीची झालर एका बाजूने आखूड झाली. अध्यक्षांनी विचारलं तर साहेब ताठ मानेने म्हणाले, "विसर्जन झाल्यावर घेतली. त्याआधी बोट लावलं नाही." गोकुळाष्टमीला आमचा धाकटा कृष्ण झाला होता. स्टेजवर जायच्या आधी बायकोने बघितलं तर मुकुटातलं मोरपीस म्हणजे नुसती काडी. डोळा गायब!

"अरे, पीस कुठे गेलं?" ती किंचाळली.

"आई, अंकल टूक इट," आमचा बाळकृष्ण शांतपणे म्हणाला. "ही सेड क्वीनफिश लाइक्स ब्लू."

मासा पकडला की साहेब काय करत? सोडून देत. आणि सोडताना मोठ्याने म्हणत, "पास!"

हा शब्द आम्ही फॅक्टरीत त्यांच्या तोंडून महिनोन् महिने ऐकत नसू. तिथे निळ्या खडूने फुल्या. हा कोपरा उघडा, रिजेक्ट. हे रबर सैल, रिजेक्ट. माशांना मात्र पास.

"चांगला माल अडवून ठेवायचा नसतो," ते म्हणत.

बरं, मासे खात नव्हते असंही नाही! सुरमईची तुकडी समोर आली की त्यांचं बोलणं बंद होई. देऱ्याच्या मासळी बाजारातून दर आठवड्याला पिशवी भरून आणत. मी एकदा विचारलं, साहेब, मग स्वतःचाच एखादा का नाही आणत घरी? तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी काही अभद्र बोललो.

"एकदा ओळख झाल्यावर खाणं बरं दिसत नाही."

फोटो काढत नसत, कारण फोटोसाठी मासा पाण्याबाहेर धरावा लागतो. फोनही गाडीत ठेवत, खारं पाणी लागू नये म्हणून. म्हणजे बघा, माणूस दर शनिवारी तांबडं फुटायच्या आत इस्त्रीचा शर्ट घालून घराबाहेर पडतो, दुपारी उजळ चेहऱ्याने परत येतो, मासे पकडले म्हणून सांगतो, आणि घरी कधी खवलासुद्धा येत नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका काही खुळ्या नव्हत्या. लिफ्टमध्ये कुजबुज होती. शेवटी एका हळदीकुंकवाला कुणी तरी धीर करून वहिनींना विचारलंच. "बघा हं, राग मानू नका, पण साहेब नक्की जातात कुठे?"

वहिनींनी तिळगुळाची वाटी पुढे केली आणि म्हणाल्या, "असली कुणी तर तिला एवढंच सांगा, माझी टोपली तेवढी परत कर. शनिवारी कपडे वाळत घालायला पंचाईत होते."

मी स्वतः साहेबांबरोबर काही वेळा गेलो होतो. खरं सांगायचं तर मोठा मासा मलाही कधी दिसला नाही. एकदा एक टोळ-मासा, लांब चोचीचा, आणि एकदा हातभर क्वीनफिश. तेही "पास!" होऊन गेले. मोठे मासे नेहमी मी नसलेल्या शनिवारी लागायचे. म्हणजे मीसुद्धा मनातून अर्धवटच विश्वास ठेवून होतो. आणि मग अण्णा आले.

साहेबांची मुलगी रेवा शारजात आर्किटेक्टच्या ऑफिसात होती आणि तिथल्याच एका रत्नागिरीच्या मुलाशी तिचं जमलं होतं. मुलगा सरळ, गोड. प्रश्न मुलाचा नव्हता, त्याच्या वडिलांचा होता. अण्णा रत्नागिरी बंदरावर घाऊक मासळीचे व्यापारी. उभा जन्म मासा तोलण्यात गेलेला. ते व्हिजिट व्हिसावर मुलाकडे आले, आणि त्यांच्या कानावर गेलं की मुलीचे वडील मासे पकडायचे शौकीन आहेत. त्यांना आनंद झाला. मग कानावर गेलं की मासा कधी घरी येत नाही. आनंद मावळला.

मुलाने हे रेवाला सांगितलं, रेवाने आईला. अण्णांचे शब्द असे होते म्हणे: "मासा ही सांगायची वस्तू नाही, दाखवायची आहे. जो माणूस दर आठवड्याला घरच्यांना एकच थाप मारतो, त्या घराशी मी नातं कसं जोडू?"

रेवा रडकुंडीला आली. "बाबा, जस्ट वन फिश! फॉर मी. एकदाच आणा ना घरी."

"आणतो की. सुरमई आणू का हलवा?"

"नॉट फ्रॉम द मार्केट, बाबा!"

साहेबांनी खडूने टीपॉयवर फुली मारली आणि पुसली.

वहिनी मात्र गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. अण्णा शुक्रवारी रात्री जेवायला येणार होते. दुपारी वहिनींनी मला फोन केला. "भाऊजी, हे ऑडिटमध्ये अडकलेत. तुम्ही हाफ डे आहात ना? मग देऱ्याला जा आणि एक मोठी सुरमई आणा. कापायची नाही, साफ करायची नाही. अख्खी."

"वहिनी, साहेबांना माहीत आहे का?"

"यल्ला, निघा लवकर. ट्रॅफिक लागेल."

कोकणी माणसाला पाहुणचारात मासा कापण्याआधी दाखवतात, ही पद्धत वहिनींना पक्की ठाऊक होती. संध्याकाळी अण्णा टेकले न टेकले तोच वहिनी मोठ्या परातीत सुरमई घेऊन बाहेर आल्या, नवरीला आणावं तशा. "ह्यांनी पकडलेली," असं हळूच लाजून म्हणाल्या. मी कोपऱ्यात कोकम सरबताचा घोट तोंडात धरून बसलो.

अण्णा उठले. सुरमईचा कल्ला एका बोटाने उचलला. आत बघितलं. मग मानेभोवती अंगठा फिरवला.

"वहिनी," ते अगदी सौम्यपणे म्हणाले, "साहेबांनी ही पकडली असेल तर गळाने नाही, जाळ्याने पकडली. हे बघा, गळ्याला दोऱ्याचा वळ. आणि परवा पकडली. ओमानकडची असावी."

आणि नेमक्या त्याच क्षणी दार उघडून आमचे सत्यवादी साहेब आत आले. सर्र... सर्र... परातीपाशी थांबले. खाली वाकून बघितलं.

"वा, छान आहे. कुणी आणली?"

रेवाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी सरबत गिळलं आणि ते नाकात गेलं.

जेवण झालं. सुरमई चविष्ट होती हे मी आजही शपथेवर सांगेन, पण ती चव कुणाच्या लक्षात राहिली असेल असं वाटत नाही. हात धुऊन अण्णांनी साहेबांना विचारलं, "उद्या शनिवार. जाणार आहात?"

"इन्शाल्ला. शमाल पडलाय. पाणी निवळेल."

"मी येतो. बर्फाची पेटीही आणतो. मासा दिसला आणि घरी आला, तर उद्याच सुपारी फोडू. नाही आला तर," त्यांनी रेवाकडे बघितलं, आणि त्यांचा आवाज जरा उतरला, "मुली, तुझ्यावर माझा राग नाही. पण मला खोटं चालत नाही."

साहेब म्हणाले, "पेटी आणायची तर आणा. पण चप्पल काढून पाण्यात यायचं, आणि पाय उचलायचा नाही."

सकाळी मी गाडी चालवली. मागे साहेब, पुढे अण्णा, आणि डिकीत अण्णांची निळी पेटी, जिच्यात एक बकरा सहज मावला असता. साहेबांनी एकदाच काच खाली करून बोट बाहेर धरलं आणि आत घेतलं. निकाल सांगितला नाही.

खाडीवर पोचलो तेव्हा पाणी काचेसारखं होतं. भरती नुकती लागली होती, वाळूच्या पट्ट्यांवरून पातळ चादरीसारखी सरकत होती. लांबवर सुरय पक्षी चकरा मारत होते, पण सूर मारत नव्हते. साहेबांनी टोपली बांधली. अण्णांनी ते बघितलं. मग साहेबांनी डबीतून पीस काढलं, आणि अण्णांनी तेही बघितलं.

"हे काय आहे?"

"मोराचा डोळा, गणपतीची जर, आणि झाडणीची दोन पिसं."

"अहो, ह्याला कोंबडी फसणार नाही, मासा काय फसतोय!"

"पाय घासत या," साहेब म्हणाले.

अण्णा विजार गुडघ्यापर्यंत दुमडून साहेबांच्या मागोमाग निघाले. पहिल्यांदा दोन-तीनदा पाय उचलून टाकले, साहेबांनी मागे न बघता "अण्णा!" म्हटलं. तेवढ्यात त्यांच्या पुढ्यातली वाळू हलली. परातीएवढं एक पाकट धुरळा उडवत उठलं आणि पंख हलवत शांतपणे निघून गेलं. त्यानंतर मासळीचे घाऊक व्यापारी एक पाऊल उचलतील तर शपथ!

साहेब दोरी टाकत होते. झुलवायची, सोडायची, खेचायची. पुन्हा. पुन्हा. ऊन चढू लागलं. अण्णा कंटाळून काठावर परतले, पेटीवर बसले. त्यांनी घड्याळात बघितलं. मी रेवाचा मेसेज बघितला: "एनीथिंग??" मी फोन खिशात टाकला. काय लिहिणार? मला तर साहेबांच्या शर्टाची घडीही आज उदास वाटत होती.

मग साहेब थबकले. हात वर करून आम्हाला गप्प राहायची खूण केली, जसं काही आम्ही तिथे भजनं म्हणत होतो. समोर उथळ पाण्यात तीन-चार पिवळ्या शेपट्या वर आल्या. मासे तोंडं वाळूत खुपसून चरत होते आणि शेपट्या बाहेर हलत होत्या. साहेबांनी दोरी एकदाच झुलवली. पार्किंगमधल्या ताटलीत पडावं तसं पीस त्यांच्या पुढ्यात अलगद पडलं. एक खेच. दुसरी खेच.

आणि टोपलीतली दोरी जिवंत झाली! सळसळत बाहेर निघाली, काठीची चरखी किंचाळू लागली, साहेब पाण्यात पुढे ओढले गेले, घासत, नाइलाजाने वेगाने घासत, टोपली हेलकावे खातेय, चष्मा दोरीवर लोंबतोय. अण्णा पेटीवरून कधी उठले आणि विजारीसकट मांडीभर पाण्यात कधी शिरले ते त्यांनाही कळलं नाही. "ढील द्या! ढील द्या! अहो, ओढू नका, तुटेल! डावीकडे! सायबा, डावीकडे!"

बऱ्याच वेळाने मासा दमून जवळ आला. मी असा मासा त्याआधी पाहिला नव्हता. सोनेरी. पितळी समई घासून ठेवावी तसा, अंगावर पुसट काळे पट्टे.

"साडेतीन किलो," अण्णा धापा टाकत म्हणाले. "वर असेल, कमी नाही." आणि मागे वळून मला ओरडले, "झाकण उघडा!"

मी धावलो. पेटीचं झाकण उघडलं. बर्फाची वाफ बाहेर आली. रेवाचं लग्न त्या बर्फात ठेवलेलं मला स्पष्ट दिसत होतं. मी साहेबांकडे बघितलं. ते मासा पाण्यातच धरून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काही तरी होतं. रिजेक्ट नाही, पास नाही.

"अण्णा," ते म्हणाले, "जरा धरता? मला आकडा काढायचाय."

अण्णांनी सराईतपणे एक हात शेपटीला, एक पोटाखाली घातला. साहेबांनी आकडा काढला. मग टोपली सारखी केली, चष्मा चढवला आणि एक पाऊल मागे घासलं.

"तो दमलाय. तोंड प्रवाहाकडे करा, म्हणजे कल्ल्यांतून पाणी जाईल."

"बरं. मग?"

"मग तो काय ते सांगेल."

"कोण?"

"मासा. आता तो तुमच्या हातात आहे, अण्णा. पेटीत टाकायचा तर टाका. लेक माझी आहे, मी एक शब्द बोलणार नाही."

अण्णा तसेच उभे राहिले. कल्ले उघडत होते, मिटत होते. मग शेपटीत हळूहळू जोर यायला लागला, आणि तो अण्णांच्या हातात, हातातून खांद्यात दिसायला लागला. अण्णांचा चेहरा बदलला. जन्मभर टनांनी मासे त्या हातांखालून गेले होते, पण सगळे गार, सगळे गप्प. हा ओढत होता.

"च्यायला," अण्णा पुटपुटले. "ह्याला जायचंय."

"हो ना," साहेब म्हणाले.

पुढे काय झालं याबद्दल दोन मतं आहेत. अण्णा आजतागायत म्हणतात की मासा निसटला. मी पेटीचं झाकण धरून तिथेच उभा होतो आणि मी सांगतो, त्यांनी बोटं उघडली. एक एक करून, आरामात. सोनं पाण्यात शिरलं, क्षणभर तिथेच थांबलं, आणि मग एका फटक्यात दिसेनासं झालं.

"निसटला हो," अण्णा म्हणाले. कुणाकडेही न बघता.

साहेबांनी ओला हात अण्णांच्या खांद्यावर ठेवला. फॅक्टरीत कधीच ऐकू यायचा नाही इतक्या मोठ्या आवाजात ते म्हणाले, "पास!"

मी मात्र हिशोब करत होतो की घरी काय सांगायचं. वहिनींनी नारळ वाटून ठेवला होता, रेवाने गॅसपाशी ठाण मांडलं होतं, मुलगा शारजाहून येऊन सोफ्याच्या टोकावर बसला होता. आम्ही दार उघडलं. पुढे अण्णा, विजार कमरेपर्यंत ओली. मागे आम्ही दोघं पेटी धरून. वहिनींनी झाकण उघडलं. बर्फ. नुसता बर्फ.

वहिनींनी कमरेवर हात ठेवले. "अहो?"

साहेब छताकडे बघत होते. बोलायचं अण्णांवर आलं.

"होता," अण्णा म्हणाले. "वहिनी, आईशपथ होता. इतका!" आणि दोन्ही हात पसरले. मग जरा विचार करून आणखी थोडे पसरले. "सोनेरी. माझ्या हातात होता. निसटला."

"तुमच्याही हातून?" वहिनी म्हणाल्या.

रेवाने बाबांकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं. "सो... नो फिश?"

अण्णा घुटमळले. रत्नागिरी बंदरावर ज्यांच्या शब्दावर ट्रक निघतात, ते गृहस्थ साहेबांच्या दारातल्या पायपुसण्यावर ओल्या विजारीत उभे होते, आणि त्यांच्याजवळ दाखवायला काहीच नव्हतं. ते पुढे आले, सर्र... सर्र..., वाळूचे दोन पट्टे फरशीवर उमटवत, आणि सोफ्यावर बसून म्हणाले, "सुपारी आणा. आणि मला आधी चहा."

लग्न रत्नागिरीला झालं, पुढच्या हिवाळ्यात. आम्ही सहकुटुंब गेलो. हॉल खाडीपासून फार लांब नव्हता, हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं. सकाळचा मुहूर्त. भटजी तयार, अंतरपाट हातात, रेवा मामाच्या मागे उभी. आणि दोन्ही बाप गायब! मुलाची आई घाबरीघुबरी होऊन वहिनींकडे आली. बाई काळजीने वाळल्या होत्या.

"मला तुम्हाला विचारायचंच होतं," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "दुबईहून आल्यापासून ह्यांचं काही तरी बिनसलंय. दर रविवारी पहाटे जातात. मासे पकडायला म्हणतात. आणि येताना एक मासा नाही! मासळीचा व्यापारी माणूस! कुठे जात असतील हो?"

वहिनींनी त्यांचा हात धरला आणि त्यांना नवरीच्या खोलीत घेऊन गेल्या. मागोमाग मीही गेलो, कारण असा प्रसंग मी सोडत नसतो. पलंगावर वहिनींच्या सगळ्या पैठण्यांचा ढीग पडला होता. दुबईहून येताना साहेबांनी त्या फार प्रेमाने एका निळ्या टोपलीत भरून आणल्या होत्या. टोपली नव्हती.

"टोपली गेलीये," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे काळजीचं कारण नाही. चला, मंगलाष्टकं सुरू करायला सांगा. पहिलं संपेपर्यंत येतील."

आणि आले! पहिलं मंगलाष्टक अर्ध्यावर असताना हॉलच्या दारातून दोघे आत शिरले. डोक्यांवर फेटे, अंगात रेशमी कुर्ते, आणि गुडघ्यापासून खाली सगळं चिंब. साहेबांच्या हातात टोपली, टोपलीत मासा नव्हता. पाहुणे वाट करून देत होते. अण्णांनी आपल्या बायकोला पाहिलं आणि लांबूनच दोन्ही हात पसरून दाखवले: इतका! अंतरपाटाआडून रेवाचा आवाज आला, "बाबा, सीरियसली?" सगळा हॉल हसत होता, भटजींची चाल चुकली.

हॉलभर लाल सतरंज्या अंथरल्या होत्या. पाकट दूरवर कुठे नव्हतं. पण मांडवापर्यंत दोघांपैकी एकानेही पाऊल उचललं नाही.